घाटात काटा वर, गावात सगळं ठीक: तीनदा दुरुस्त करूनही जुनी गाडी परत का तापत होती

बेळगावात माझी गाडी कधी तापली नाही. टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटात मे महिन्याच्या उन्हात, एसी लावून, इंजिन चालू ठेवून रेल्वेची वाट बघत उभा राहिलो तरी तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या खालीच. पंखा लागायचा, बंद व्हायचा, पुन्हा लागायचा. पण म्हापशाहून लेकीकडून परत येताना केरी मागे पडलं आणि चोर्ला घाटाची चढण दुसऱ्या गिअरवर सुरू झाली की थोड्याच वळणांत काटा हलायला लागायचा. माथ्यावर पोचेपर्यंत तो लाल पट्टीला टेकलेला असायचा. उतरताना काही नाही, सपाटीला काही नाही. फक्त चढ.

गाडी २००६ ची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल. कुठली ते ओळखणारे ओळखतील. २०११ साली ६१,००० किलोमीटरवर घेतली, आज मीटरवर २,१४,००० आहेत. आधीच सांगून टाकतो, दोष गाडीचा नव्हता. दोन वर्षांत याच एका तक्रारीसाठी तीनदा गॅरेजला गेलो, तिन्ही वेळा गाडी बरी झाली आणि तिन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत तक्रार परत आली. ती का परत येत होती, हे कळायला जेवढा वेळ गेला तेवढा दुरुस्तीला गेला नाही. त्यामुळे इथं दुरुस्तीपेक्षा शोधाचंच जास्त सांगणार आहे.

त्याआधी, आत्ता कुणाची गाडी घाटमाथ्यावरच्या कणकुंबीच्या अलीकडे कडेला उभी असेल तर त्याच्यासाठी.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद करा. काचा खाली करा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण जोरात. उन्हाळ्यात हे ऐकून बायकामुलं शिव्या देतील, पण हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच (इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी) आहे, तेवढी उष्णता इंजिनातून निघून जाते. आणि त्यातून एक गोष्ट फुकटात कळते. काटा वर आहे, तरी हीटरमधून गार वारा येतोय? मग इंजिनात पाणी उरलेलं नाही किंवा ते फिरत नाही. अशा वेळी एक मिनिटही पुढे जायचं नाही, तिथल्या तिथे इंजिन बंद.

हीटर गरम वारा देतोय आणि वाफ दिसत नाही, तर सुरक्षित जागा बघून थांबा, इंजिन मिनिट-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा, पंखा चालतोय ना ते ऐका, काटा उतरायला लागला की बंद करा. वाफ यायला लागली असेल तर मात्र लगेच बंद.

रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही. अर्धा-पाऊण तास काढा, वरचा होज पाइप हातानं दाबता येईल इतका गार होऊ दे, मग जाड फडकं टाकून अर्ध्या आट्यापर्यंत फिरवा, फुस्स होऊ द्या, नंतर पूर्ण काढा. उकळतं पाणी तोंडावर उडून भाजलेला माणूस मी पाहिला आहे, पुन्हा पाहायची इच्छा नाही. आणि तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नका. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरचा भाग, अॅल्युमिनियमचं असतं. एकदम गार पडलं तर वाकतं, नशीब वाईट असेल तर तडकतं.

तीन दुरुस्त्या

पहिल्या वेळी गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. "आपल्याकडं थंडी कुठं आहे सर, गरजच नाही" असं म्हणाला. हे वाक्य आपल्या भागात इतक्या गॅरेजांत ऐकू येतं की लोकांना ते खरंच वाटतं. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. इंजिन त्याच्या कामाच्या तापमानाला लवकर यावं आणि तिथंच राहावं, यासाठी असतो. तो काढला की सकाळी शाळेला जाताना आठ-दहा किलोमीटर इंजिन कोमटच राहतं, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. माझं अॅव्हरेज लिटरला दोन किलोमीटरनं उतरलं. ऑइलच्या झाकणाखाली काळपट चिकट साय धरायला लागली. आणि घाटात? पहिल्या खेपेला काटा मध्यावर. मी खूश. दोन महिन्यांनी पुन्हा लाल.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या गॅरेजात रेडिएटर काढून आतून धुतला. बादलीभर गंजाचं पाणी निघालं, ते बघून पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. सहा आठवडे छान. मग पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी वॉटर पंप आणि बेल्ट. पंपाला खरंच थोडी खळखळ होती, त्यामुळे तो बदलला हे चुकलं असं म्हणत नाही. तीन दुरुस्त्यांचे मिळून साडेनऊ हजार गेले. त्यानंतर दिवाळीला म्हापशाला जाऊन आलो, काटा हलला नाही. संक्रांतीला गेलो, माथ्याच्या अलीकडे काटा पुन्हा वर.

घरची म्हणाली, "विकून टाका आता." १५ वर्षं झाल्यावर पाच वर्षांसाठी आरसी वाढवून घेतलेली गाडी. भंगाराच्या भावानं द्यावी तर जीव जातो, ठेवावी तर विश्वास नाही.

मग एक गोष्ट डोक्यात आली, जी पहिल्या वेळीच यायला हवी होती. तिन्ही दुरुस्त्या वेगवेगळ्या, पण तिन्हींत एक काम सारखं. थर्मोस्टॅट काढताना पाणी काढलं आणि नवीन काठोकाठ भरलं. रेडिएटर धुताना तेच. पंप बदलताना तेच. गाडी बरी होत होती ती पार्ट बदलल्यानं की पाणी भरल्यानं? पाण्यानं होत असेल, तर पाणी कुठंतरी जात होतं.

पाणी जातंय कुठं?

अनगोळच्या घरासमोर गाडी रात्रभर उभी असते. खाली पुठ्ठा टाकून ठेवला. चार दिवस, थेंब नाही. होजचे जोड कोरडे, पंपाच्या खालचं छोटं भोक कोरडं, गाडीच्या आत डाव्या पायापाशी गालिचा कोरडा (हीटरचा कोअर गळला तर तिथं ओल येते आणि काचेवर चिकट धुकं धरतं). सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, ऑइलमध्ये दुधाळपणा नाही.

मग मी वही घातली. मास्तर माणूस, वहीशिवाय सुचत नाही. कूलंटच्या बाटलीवर (रेडिएटरला जोडलेली, जास्तीचं पाणी साठवणारी) मार्करनं रेघ मारली आणि रोज सकाळी, गाडी थंड असताना, तीन गोष्टी लिहायला सुरुवात केली: बाटलीतली पातळी, टोपण उघडून रेडिएटरमधली पातळी, आणि वरचा होज हाताला कसा लागतो ते.

पहिले आठ दिवस गाव ते शाळा, शाळा ते गाव. बाटली रेघेवर, रेडिएटर भरलेला. नवव्या दिवशी चोर्ला उतरून चढून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली रेघेच्या दोन बोटं वर. रेडिएटर चार बोटं रिकामा. आणि वरचा होज चपटा, कुणी चोखून ठेवल्यासारखा.

हे ज्यांना समजतं त्यांना इथंच उत्तर कळलं असेल. मला कळलं नव्हतं. मी वही घेऊन खानापूर रोडवरच्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी वही चष्मा लावून वाचली, बॉनेट उघडलं आणि विचारलं, "सर, महिन्याला पाणी किती घालालाय?"

"दीड-दोन लिटर लागतं कधी कधी."

"कुठलं घालालाय?"

"घरचं. बोअरचं."

त्यांनी टोपण उलटं करून माझ्यासमोर धरलं. रबराच्या कडेला पांढरा थर, मधल्या छोट्या झडपेवर तर नखानं खरवडावा असा. "मग गाडी चालवालाय की बंब तापवालाय?"

तोच थर. आमच्या जुन्या तांब्याच्या बंबाच्या तळाला असायचा तसा, खडू लावल्यासारखा.

टोपण म्हणजे काय असतं

रेडिएटरच्या टोपणाला लोक झाकण समजतात. ते झाकण कमी आणि कुकरची शिटी जास्त आहे. कुकरची रिंग सैल झाली तर वाफ कडेनं जाते आणि डाळ तासभर शिजत नाही, कारण दाब नसेल तर पाणी शंभराच्या वर तापतच नाही, नुसतं उकळून उडतं. इथं आपल्याला पाणी उकळायला नको असतं, एवढाच फरक. टोपणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही पाणीच राहतं.

आता आपल्या भागाचा हिशेब बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, चोर्ल्याचा माथाही जवळपास तेवढाच. या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी १०० ला नाही, ९७-९८ डिग्रीलाच उकळतं. माझ्या टोपणावर ०.९ छापलं होतं, म्हणजे ०.९ बार. तेवढा दाब धरला तर इथं पाणी ११७ च्या आसपास उकळेल. रेडिएटरचा पंखा बऱ्याच गाड्यांत नव्वदीच्या घरात लागतो. चांगलं टोपण असेल तर पंखा लागण्यापासून पाणी उकळेपर्यंत वीसेक डिग्रीची जागा शिल्लक असते. टोपण मेलं असेल तर ती जागा दोन-चार डिग्रीची. गावात एवढ्यात भागतं. केरीपासून वर सात-आठशे मीटरची चढण दुसऱ्या गिअरमध्ये, गाडीत चार माणसं आणि डिकीत लेकीनं दिलेली नारळाची पिशवी, यात भागत नाही.

मेस्त्रींकडे हातपंप होता, सायकलच्या पंपासारखा, वर घड्याळ. टोपण त्याला लावलं आणि दाब दिला. काटा ०.३ च्या आसपास गेला आणि तिथून सुळकन खाली.

बाकीचं त्यांनी सांगितलं. टोपणात दोन झडपा असतात. मोठी झडप दाब जास्त झाला की पाणी बाटलीत सोडते. मधली छोटी झडप गाडी गार झाल्यावर तेच पाणी बाटलीतून परत आत ओढून घेते. माझ्या मोठ्या झडपेची स्प्रिंग गेली होती म्हणून घाटात पाणी लवकर उकळून बाटलीत जायचं, बाटली भरली की ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर. चालत्या गाडीतून, त्यामुळे दिसायचं नाही. आणि छोटी झडप खारानं चिकटली होती म्हणून रात्री बाटलीतलं उरलंसुरलं पाणी परत यायचं नाही. आत पोकळी तयार व्हायची आणि होज चपटा व्हायचा. पुठ्ठ्यावर थेंब पडणार कुठून?

"तीन गॅरेजवाल्यांनी टोपण बघिटलं नाही?" मी विचारलं. (त्यांच्यासमोर बसलं की माझीही भाषा त्यांच्यासारखीच होते.)

"बघिटलं असतील की. उघडताना नि लावताना."

तरी पूर्ण उत्तर तेवढंच नव्हतं

नवीन टोपण दोनशे रुपयांच्या आत आलं. गोष्ट इथं संपली असती तर छान झालं असतं. पुढच्या खेपेला काटा लाल पट्टीला गेला नाही, पण मध्याच्या बराच वर गेला. पाणी मात्र कमी झालं नाही. म्हणजे एक चोर सापडला, पण दुसरा घरातच होता.

इतक्या वेळा तापलेल्या इंजिनाची पहिली शंका हेड गॅस्केटची, म्हणजे हेडच्या खालच्या पॅकिंगची. गाडी थंड असताना टोपण काढून स्टार्ट करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे हवा निघून जाण्याचे, पण सोड्याच्या बाटलीसारखे एकसारखे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तरी तेच. पक्कं करायचं असेल तर निळ्या द्रवाची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर धरतात, धुराचा वायू आला की निळा रंग पिवळा होतो. माझा निळाच राहिला. हेड वाचलं. उद्यमबागच्या कारखान्यांत नेऊन हेडला फेस मारायची (घासून सपाट करायची) वेळ आली नाही, हे माझं नशीब. गाडी तीनदा लाल पट्टीवर नेऊनही हेड सरळ राहील असं कुणी धरून चालू नये.

मग रेडिएटर. तो तर धुतला होता. पण धुणं आणि मोकळा होणं यात फरक आहे. माझा मेहुणा उद्यमबागच्या एका फाउंड्रीत आहे, त्याच्याकडून तापमान मोजायची गन एका रविवारी मागून आणली. गाडी गरम केली, पंखा दोनदा लागू दिला आणि रेडिएटरच्या जाळीवर डावीकडून उजवीकडे, वरून खाली, हातभर अंतरावरून आकडे घेत गेलो. चांगल्या रेडिएटरमध्ये पाणी शिरतं त्या बाजूपासून निघतं त्या बाजूपर्यंत आकडा हळूहळू उतरतो. माझ्या रेडिएटरचा खालचा जवळपास तिसरा हिस्सा एकदम गार होता. तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. बोअरच्या पाण्यानं बंद केलेल्या नळ्या, त्या धुतल्यानं उघडल्या नव्हत्या. (गन चकचकीत धातूवर चुकीचा आकडा दाखवते, काळ्या जाळीवर आणि प्लास्टिकच्या टाकीवर बरोबर. हे मेहुण्यानं सांगितलं नसतं तर मी नळीच्या चमकत्या क्लिपवरचे आकडे लिहून आणले असते.)

गावात दोन-तृतीयांश रेडिएटर पुरतो. घाटात नाही.

बाहेरूनही एक भर होती. आपल्याकडे सुगीत निपाणी-चिकोडीकडून आलं की रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, आणि पाचटाची बारीक कुसं एसीच्या जाळीतून आत शिरून रेडिएटरच्या तोंडाशी अडकतात. वर जांबोटीकडची लाल माती. दोन जाळ्यांच्या मध्ये हे सगळं घट्ट बसलेलं असतं आणि समोरून बघितलं तर दिसत नाही. पंखा काढून आतल्या बाजूनं बाहेर पाणी मारावं लागतं. साध्या पाइपनं, वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्यानं नाही, त्यानं पत्र्याच्या पट्ट्या लोळतात.

नवीन रेडिएटर बसवला. नवीन थर्मोस्टॅट परत लावला. लावायच्या आधी घरी पातेल्यात दोऱ्यानं टांगून तापवून बघितला, तळाला टेकू न देता. त्याच्यावर ८२ छापलंय, थर्मामीटरवर ८२-८३ ला उघडायला लागला. नवीन पार्टही तपासून लावायचा, हे या सगळ्या प्रकारानं शिकवलं. थर्मोस्टॅटवर एक छोटी लोंबती पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी, म्हणजे भरताना अडकलेली हवा तिथून निघते.

पाणी म्हणून आता बोअर नाही, नळाचंही नाही. कूलंट आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. लोक म्हणतात बेळगावात कुठं बर्फ पडतो. कूलंटमधलं गंज आणि खार रोखणारं द्रव्य आपल्याला हवं असतं, बर्फाचं राहू दे. तयार मिसळलेलं घेतलं तर वेगळं पाणी घालायची भानगड नाही. हिरवं की लाल यावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतात. बाटलीवर काय लिहिलंय ते गाडीच्या पुस्तकाशी जुळवा आणि दोन वेगळे प्रकार एकत्र करू नका. जुनं कूलंट गटारीत किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर मरतात.

भरताना गाडीचं तोंड चढावर करून, टोपण उघडं, हीटर गरमवर, पंखा दोनदा लागेपर्यंत चालू ठेवली आणि पातळी खाली जाईल तसं भरत गेलो. हवा राहिली तर नवीन पार्ट असूनही गाडी तापते आणि मग आपण पुन्हा गॅरेजात.

तुमच्या गाडीचं लक्षण वेगळं असेल तर

माझं लक्षण होतं: गावात ठीक, चढावर गरम. उलटं असेल, म्हणजे सिग्नलला आणि गर्दीत तापते, हायवेला वंटमुरी घाट चढूनही ठीक, तर आधी पंखा बघा. फ्यूज, रिले, मोटर. मोटर कुणी नुकतीच बदलली असेल तर पंखा उलटा तर फिरत नाही ना तेही बघा, वायरी उलट्या जोडल्या की तो हवा ओढायच्या ऐवजी पुढे ढकलतो. रेडिएटरच्या समोर वर्तमानपत्राचा कागद धरायचा. तो जाळीला चिकटला तर बरोबर.

काटा एकदम उडी मारतो, हेडलाइट लावला की वर, बंद केला की खाली? मग गाडी तापलेलीच नाही. अर्थिंग गेलंय. इंजिन आणि बॉडीला जोडणारी पट्टी खानापूर-जांबोटीच्या पावसात गंजते, ती खोलून घासून पुन्हा घट्ट करा. याच पट्टीमुळे पावसाळ्यात सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो आणि लोक बॅटरी बदलून येतात. मीही एकदा बदललीय.

घाटात इंजिन ओरडतंय, गाडी मात्र त्या मानानं सरकत नाही, तर क्लच घसरतोय. उतरून चाकाच्या रिमजवळ हात न्या (लावू नका), एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर ब्रेक चिकटलाय. दोन्हींत इंजिनावर फुकटचा भार पडतो आणि दोष रेडिएटरला जातो.

दोन लाखांच्या वर गेलेल्या गाडीत रबर हाही वेगळा विषय आहे. खालचा होज आतून मऊ झाला तर इंजिन रेस केल्यावर पंपाच्या ओढीनं तो दबतो आणि पाणी अडतं. बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी रेस करायला लावा आणि बघा. पेट्रोलच्या नळ्याही एकदा बघून घ्या. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं, पण २००६ च्या गाडीचं रबर त्या हिशेबानं केलेलं नाही. पेट्रोलचा वास आला तर उद्यावर ढकलू नका. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते कागदावर नसेल, तर बदललेला नाही असं धरा.

ऑइल मी दर रविवारी बघतो. हजार किलोमीटरला पाव लिटर खाते, या वयाला एवढं चालतं. वहीत लिहिलेलं असल्यानं ते पाव लिटरच आहे हे मला माहीत आहे, अंदाज नाही.

सध्या

त्यानंतर चौदा खेपा झाल्या, चोर्ल्यानं अकरा आणि अनमोडनं तीन. बाटलीवरची रेघ एक बोटही हललेली नाही. अॅव्हरेज परत आलं. मे महिन्यात चार माणसं आणि एसी असं दोन्ही असेल तर काटा शेवटच्या काही वळणांत मध्याच्या किंचित वर जातो, तेव्हा एसी बंद करतो. तीन सिलिंडरच्या गाडीकडून याहून जास्त मागायचं नाही.

टोपण दर दोन वर्षांनी बदलायचं असं ठरवलंय. घेताना जुन्यावरचा आकडा बघून त्याच आकड्याचं घ्या. दुकानदार ०.९ च्या जागी १.१ चं "जास्त पावरचं" म्हणून देतात. नवीन टोपणानं जास्त दाब धरला की जुन्या रेडिएटरचा किंवा हीटरचा सगळ्यांत कच्चा जोड फाटतो, आणि हीटरचा फाटला तर उकळतं पाणी आपल्या पायावर येतं.